पांढऱ्या पाव्हणीचं हळदी कापड

प्रिय नाना,

कात्री हातात आहे आणि कापायची हिंमत होत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. हसू नका. आईच्या मशीनच्या टेबलावर तुम्ही ठेवलेलं कापड पसरलंय. बाजूला खडू आहे, टेप आहे, आणि मोबाईलवर गेममधली आपली पांढरी पाव्हणी उभी आहे. एकदा तिच्याकडे बघते, एकदा कापडाकडे. ती शुभ्र पांढरी, आणि हे हळदी! असं हळदी की दोरीवर वाळत घातलं तर गल्लीतले विचारतील, कोणाचं लग्न काढलं?

तुम्ही असता तर मी आपल्या मॅचिंगच्या दुकानात आले असते, काउंटरवर आपटलं असतं आणि विचारलं असतं, नाना, हे काय दिलंत? आता कोणासमोर आपटू? पाव्हणीसारखा झगा घालून पुढच्या रविवारी नाशिकला जायचंय. कापड एवढंच आहे. दादाने दुकान रिकामं केलं तेव्हा मी सगळे तागे उलथेपालथे केले, त्या रंगाचा एक तुकडा उरलेला नाही. एकदा कात्री लागली की लागली.

पांढरं कापड काय, जळगावात कुठेही मिळेल. तासाभराचं काम आहे. पण मग हे काय करू? घडी घालून कपाटात ठेवू आणि आयुष्यभर बघत बसू? तुम्ही हे चुकून दिलंत की मुद्दाम दिलंत, एवढं सांगा फक्त. चुकून असेल तर पांढरं आणते आणि विषय संपवते. मुद्दाम असेल तर... तर काय, तेही माहीत नाही.

पहिल्यांदा ह्या गेमबद्दल सांगितलं तेव्हा तुम्ही ब्लाऊजच्या रुबिया कापडाच्या घड्या लावत होतात. मी म्हटलं, नाना, ह्याला गाचा म्हणतात. ह्यात माणसं विकत मिळत नाहीत, नशिबाने निघतात. बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरते ना, तिथे दोऱ्यांचा जुडगा असतो, एक ओढायची, कोणाला बाहुली तर कोणाला साबणाची वडी, तसंच. तुम्ही मान न उचलता म्हणालात, म्हणजे गचका! तेव्हापासून रोज संध्याकाळी मी जळगावच्या कामावरून गाडीने अमळनेरला उतरून दुकानात आले की विचारायचात, आज गचका बसला की पाव्हणी आली? नवीन पात्र मिळालं की ती पाव्हणी. नाही मिळालं की गचका. त्यांची ती लांबलचक परदेशी नावं तुम्ही एकदाही घेतली नाहीत.

आणि मग तुम्ही गेलात. दुकानातच, दुपारी, गल्ल्यावर बसल्या बसल्या. घरी माणसं जमली होती. बाहेर ओट्यावर कोणीतरी हळूच दुसऱ्याला सांगत होतं, अहो, आपले नाना गचकले ना. आणि मला हसू फुटलं. खुदकन नाही, चांगलं मोठ्याने! सगळ्यांनी वळून बघितलं. आई बघत राहिली. मला धरून आत नेलं, पाणी दिलं. त्यांना वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. नाना, मी का हसले हो? अजून समजत नाही. रडू मात्र त्या दिवशी आलंच नाही.

लोकांना वाटतं मी गेम खेळते. खेळत कुठे होते? लढाया मला कधी नीट जमल्या नाहीत. मी कपडे बघायची. दिवसभर जळगावच्या त्या फ्लेक्सच्या दुकानात बसून काय बघते, तुम्हाला माहीत आहे. भावी नगरसेवकाचे हात जोडलेले, वाढदिवसाचा केक, नवरा-नवरीच्या मागे ताजमहाल. सगळ्यांना लाल-पिवळी अक्षरं आणि सगळ्यांना मोठी हवीत. कोणी कधी म्हणत नाही की इथे थोडी जागा मोकळी सोड. आणि गेम उघडला की एखादी पाव्हणी यायची, जिच्या बाहीच्या आतल्या टोकाला एवढीशी नक्षी असायची. हात वर केला तरच दिसेल अशी. मला वाटायचं, कोणासाठी काढली असेल ही? कोण बघणार आहे? मी बघायची, म्हणजे माझ्यासाठीच काढली असं धरून चालायची.

दादा म्हणायचा, चित्रातल्या बाहुल्यांच्या कपड्यांचं काय एवढं कौतुक. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्ही चष्मा वर केलात आणि म्हणालात, पाठ दाखव.

मला आधी कळलंच नाही. मग बोटाने तिला फिरवली. तुम्ही मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन तिच्या पाठीचा गळा बघितलात, कमरेची चूण बघितलीत, आणि म्हणालात, चालव हिला. मी चालवली. धावताना तिच्या काळ्या कोटाचा घेर उडाला आणि आतून राणी रंग चमकला. तुम्ही एवढे खूश झालात! समोर गिऱ्हाईक बाई फॉल घ्यायला उभी होती, तिला तुम्ही मोबाईल दाखवलात. म्हणालात, ताई, हे बघा, अस्तर. बाहेरून काळा, आतून राणी. ज्यानं हे अस्तर लावलं त्यानं कुठंतरी दुकान केलेलं आहे. त्या बाईला बिचारीला काय कळणार? तिने दोन फॉल घेतले आणि गेली.

राणी रंगावरून आठवलं. माझं नाव राणी ठेवताना तुमच्या डोक्यात राजाची राणी होती की दुकानातली, हेही कधी विचारायचं राहिलं. लहानपणी बाया दुकानाच्या दारातून ओरडायच्या, राणी आहे का हो? आणि मी आतून ओ द्यायची.

सगळ्याच पाव्हण्या काही तुम्हाला आवडल्या नाहीत. काहींचे कपडे असे की मीच पटकन बोट फिरवून पुढे जायची आणि तुम्ही रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघायला लागायचात. एकदा मी गडबडीत पुढे सरकवायला विसरले. बर्फाचा डोंगर, वारा सुटलेला, आणि त्या बाईच्या अंगावर हातरुमालाएवढं कापड. तुम्ही चष्मा काढून पुसलात. मग म्हणालात, हिला थंडी वाजत नाही का? मी लाजेने मेले. पण खरं सांगू का, त्या हातरुमालाच्या कडेलाही जे काम केलं होतं ना, ते सुंदर होतं. ते आवडून घ्यावं की बनवणाऱ्याचा राग करावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुमच्याशी बोलता आलं असतं असा तो विषयही नव्हता.

पांढरी पाव्हणी आली ती दिवाळीच्या आधी. किती दिवस गचके खाल्ले होते तिच्यासाठी! गुडघ्याखाली जाणारा पांढरा झगा, मागे कमरेला मोठी गाठ आणि गाठीची दोन टोकं थेट टाचेपर्यंत. कडेला बारीक चांदीची किनार. डाव्या हातात मोजा, उजवा हात उघडा. बाकी काही नाही. ना फुलं, ना खडे. मला ती बघता क्षणी आवडली, कारण तिच्या अंगावर मोकळी जागा होती. तुम्हाला दाखवली तर पहिला प्रश्न, दुसरा मोजा कुठं हरवला? आणि मग तुमचा चेहरा पडला.

"इले पांढरं कसाले?" तुम्ही म्हणालात.

मी सांगितलं, नाना, ती थंड प्रदेशातली आहे, तिकडे पांढरा रंग शुभ असेल. तुम्ही म्हणालात, असू दे. "पोर उदास दिखस." मी वाद घातला. म्हटलं, चेहरा काढणाऱ्याने तसा काढलाय, त्यात कपड्याचा काय दोष? तुम्ही म्हणालात, चेहरा कपड्यानेच तसा होतो, मी जन्मभर तेच विकतोय. मग गिऱ्हाईक आलं आणि आपलं भांडण अर्धवट राहिलं.

तेच भांडण आता एकटी भांडतेय मी.

नाशिकचं तुम्हाला सांगितलं होतं. अशा गेममधल्या पात्रांसारखे कपडे करून पोरंपोरी एका हॉलमध्ये जमतात, एकमेकांचे फोटो काढतात, शिवण बघतात. मी म्हटलं, मला पांढरी पाव्हणी व्हायचंय, कापड तुम्ही द्या. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. फक्त म्हणालात, तिचे फोटो माझ्या मोबाईलवर टाक. पुढून, मागून, दोन्ही. मी टाकले. दोन दिवसांनी कामावर असताना तुमचा फोन आला. किनार चांदीचीच ना? मी म्हटलं, हो. ठेवलात. कापडाच्या रंगाबद्दल एक शब्द नाही! तेव्हाच विचारलं असतंत तर काय बिघडलं असतं?

नंतर दादाला दुकानात तुमच्या गल्ल्यामागच्या खुंटीवर पिशवी सापडली. राखून ठेवलेल्या मालाची खुंटी. आत हे कापड, त्याचं अस्तर, चांदीची लेस आणि गाठीसाठी साटीनची रुंद पट्टी. दादाला वाटलं कोणा बाईच्या ब्लाऊजचं राहिलं असेल. मी म्हटलं, एवढ्या कापडात ब्लाऊज तर हत्तिणीचाही होईल. ती पट्टी मी बघता क्षणी ओळखली. लांबी मोजली, पाव्हणीच्या गाठीची टोकं बरोबर माझ्या टाचेपर्यंत येतात. माझं माप तुम्ही कधी घेतलंत हो? सगळं बरोबर, नाना. फक्त रंग हळदी.

आधी मी म्हटलं, झालं, नाना चुकले. कारण तुमचा मोबाईल मी उघडून बघितला. डॉक्टरांनी डोळ्यांना आराम द्या म्हटलं होतं ना, तेव्हा दादाने त्यात ती डोळे सांभाळायची सोय चालू करून दिली होती. तिने सगळी काच पिवळी पडते. त्या मोबाईलमध्ये पाव्हणी चक्क हळदी दिसते! मी कापड त्या काचेशेजारी धरलं. तंतोतंत जुळलं. काय मॅचिंग केलंत हो! डोकं धरून बसले मी. जन्मभर रंग जुळवणारा माणूस, आणि शेवटचं मॅचिंग पिवळ्या काचेवरून केलं.

पण मग दुसरं मन म्हणतं, असं कसं होईल? तुम्ही ट्यूबलाईटखाली कधी रंग जुळवलाय का? साडी घेऊन बाई आली की तिला घेऊन आधी दाराबाहेर, पायरीवर. ट्यूबलाईट चोर आहे, उन्हात बघा, हे वाक्य तर अख्ख्या बाजाराला पाठ होतं. मोबाईल घेऊनही गेला असालच पायरीवर. पण उन्हात मोबाईलची काच काळी पडते. काय दिसलं असेल तुम्हाला? स्वतःचं तोंड. मग निमूट आत येऊन त्या चोराखालीच जुळवलंत का? आणि तुम्हीच ती पाव्हणी माझ्या मोबाईलवर पांढरी बघून माझ्याशी भांडला होतात. पांढरी आहे हे विसरलात? तुम्ही? ज्यांना गल्लीतल्या कोणत्या बाईने कोणत्या लग्नात कोणता रंग नेसला होता ते आठवायचं?

चांदीच्या किनारीचा तर मी किती विचार केला! पिवळ्या काचेत चांदीसुद्धा सोनेरी दिसते. म्हणूनच फोन करून विचारलंत ना? म्हणजे काच दगा देतेय असा संशय तुम्हाला आला होता. मग कापडाचा का नाही आला? बरं, हे मुद्दाम म्हणावं तर तुमचाच नियम आडवा येतो. हळदीवर सोनेरी लावा ताई, चांदी फिकी पडते, हे तुम्ही किती बायांना सांगितलंय. स्वतःच्या पोरीसाठी नियम मोडलात? की दोन्ही चुकांची एकाच पिशवीत गाठ पडली?

आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुले हळद लागी तवय कामले येई, आसं म्हनेत ते." म्हणजे ह्यात माझं लग्नही होतं? हळदीच्या दिवशी नेसायचं म्हणून आणलंत? मग ती गाठीची पट्टी, ती लांब टोकं कशाला? हळदीला कोण मागे गाठ बांधून पाटावर बसतं? दुसऱ्या दिवशी आईला पुन्हा विचारलं तर म्हणते, मी असं कुठं म्हटलं, ते दुसऱ्याच कोणाच्या पोरीचं सांगत होते. तिसऱ्यांदा विचारलं तर चिडली. "माले काय माहीत, माय. ते माले बठ्ठं सांगेत का?" तुम्ही तिला सगळं कुठे सांगायचात, असं म्हणत डोळ्याला पदर लावला. मग मी विचारणं सोडलं. पहिल्यांदा तिने माझं समाधान करायला सांगितलं की खरं सांगितलं, हा आणखी एक घोळ होऊन बसलाय.

काल कामावर जेवणाच्या सुट्टीत मी एक उद्योग केला. पाव्हणीचं चित्र मोठ्या स्क्रीनवर उघडलं आणि तिचा पांढरा रंग काढून तिथे हा हळदी भरला. घडी घडी, सावली सावली सांभाळत. बाकी काही बदललं नाही. चेहरा तोच, डोळे तेच, ओठाची ती खाली वळलेली रेघ तीच. आणि नाना, पोर उदास दिसेना! शपथ. जशी कोणाची तरी वाट बघतेय आणि तो माणूस येणार आहे हे तिला माहीत आहे, अशी दिसायला लागली. किनार मात्र तुम्ही म्हणता तशीच फिकी पडली. पडू दे. मी ते चित्र किती वेळ बघत होते कोण जाणे. मालक येऊन म्हणाले, हा कोणाचा फ्लेक्स आहे? मी म्हटलं, घरचा आहे. आणि मग तिथे, भावी नगरसेवकांच्या मधे बसून, मला रडू आलं. इतके दिवस न आलेलं सगळं एकदम आलं.

मला वाटलं होतं, रडून झालं की कळेल. नाही कळलं. पण आज कात्री घेऊन बसल्यावर एक गोष्ट सुचली, आणि ती सुचल्यावर मी तुमच्यावर फार चिडले आहे.

समजा तुम्ही आत्ता समोर बसला आहात आणि मी विचारलं, नाना, हे चुकून की मुद्दाम? चुकून असतं तर तुम्ही कबूल केलं असतंत का? छे! मॅचिंगवाला कधी चुकला म्हणतो का? छाती काढून म्हणाला असता, मुद्दाम दिलंय, तुला रंगातलं काय कळतं? आणि मुद्दाम असतं तर? माझी पोर पांढऱ्यात उदास दिसू नये म्हणून मी हे आणलं, असं तुमच्या तोंडून निघालं असतं? तेही नाही. लाजून घड्या लावत बसला असता आणि म्हणाला असता, चुकून आलं असेल, बदलून देतो. म्हणजे तुम्ही जिवंत असतानाही मला खरं उत्तर मिळालं नसतं! मी उगाच मरणाला दोष देत होते. तुमची भाषाच तशी होती. जे होतं ते कापडात घालून द्यायचं आणि वर उलटंच बोलायचं.

तेव्हा आता विचारत नाही. उद्या सकाळी आई आंघोळीला गेली की कात्री लावते. ती समोर असली की डोळ्याला पदर लावेल आणि मी कात्री खाली ठेवीन. पाठीचा गळा तुम्हाला आवडायचा तेवढाच खोल ठेवीन. अस्तर आतून नीट पक्कं करीन.

आणि एक वचन देते. नाशिकला कोणी ना कोणी म्हणणारच, अगं, ही तर पांढरी असते, तुझा रंग चुकलाय. मी चुकलाय म्हणणार नाही. मुद्दाम केलाय असंही म्हणणार नाही. जे मला माहीत आहे तेवढंच सांगेन, की मॅचिंग माझ्या वडिलांनी केलंय.

तुमचीच,
राणी